चहा, पण बसून

गेल्या शनिवारी आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात नुसत्या चहा प्यायला बाहेर पडलो. मीटिंग नाही, मोर्चा नाही. कॅम्पात १९५५ सालच्या कयानी बेकरीसमोर श्रूसबेरी बिस्किटांच्या रांगेत बायका भरपूर. घरच्यांसाठी खाऊ घेणाऱ्या बाईला कुणी हटकत नाही. मग डेक्कनवर १९३५ सालच्या गुडलकमध्ये बनमस्का मागवून तासभर बसलो. शेवटी पेठेतलं एक अमृततुल्य. बाकांवर सगळे पुरुष. आम्ही टेकतो न टेकतो तोच मालक म्हणाला, "ताई, पार्सल देऊ का?" माणूस सज्जनच, पण बाई चहा नेणार तो घरीच, हे त्याने गृहीत धरलेलं.

इराण्यांकडे पूर्वी ‘फॅमिली रूम’ असायची. त्या आडोशामुळेच आपल्या आया-मावश्या हॉटेलात जाऊ शकल्या, हे मान्य. पण आडोसाच तो! मुंबईवरच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी बायकांसाठी विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मागितला आहे. आपल्या मागण्यांच्या यादीत तो अजून फार खाली असतो. मला तो वर हवा आहे.

पार्सल आम्ही घेतलं नाही. आणखी तीन चहा सांगितले.