फॉरमॅट मारावं लागेल

आमच्या लहानपणी सांगलीत एक कंपाउंडर होते. डॉक्टर दुपारी जेवून आडवे झाले की दवाखान्याचं राज्य त्यांच्याकडे येई. पोट दुखो, कान फुटो, अंगावर पित्त उठो, ते एकाच बरणीतलं गुलाबी औषध बाटलीत ओतत, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवत आणि म्हणत, "हलवून घ्या." तपासणी नाही, निदान नाही. तरीही ह्या गृहस्थांबद्दल मी आज आदराने बोलतो. कारण "आधी पेशंट पुसून टाकावा लागेल," असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

तसं सांगणारी माणसं मला म्हातारपणी भेटली. ती कॉम्प्युटर दुरुस्त करतात.

गोष्ट २००८ सालची. बँकेतून रिटायर होऊन मला दोन वर्षं झाली होती. मुलगा बंगलोरला जाताना आपला जुना कॉम्प्युटर माझ्या गळ्यात बांधून गेला. आई तेव्हा ब्याऐंशीची. दुपारी चहा झाला की ती जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि मी दोन बोटांनी त्या टाइप करायचा. आता घरात जातं नाही, आणि हात फिरल्याशिवाय तिला ओवी येईना. मग ती पलंगाचा कठडा धरून हात गोल फिरवायची आणि ओव्या सुरू व्हायच्या. माहेर, भाऊ, पंढरपूर, पावसाने दगा दिलेलं एक साल. चार महिन्यांत दोनशे तेरा ओव्या झाल्या. फाईल डेस्कटॉपवर, अगदी डोळ्यांसमोर ठेवली होती. मौल्यवान वस्तू दारात ठेवू नये हे मला कळायला हवं होतं, पण कॉम्प्युटरचं दार कुठलं हे कुणी सांगितलं होतं?

त्यातली काही पानं छापून घ्यायला मी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेलो. पेनड्राइव्ह ही वस्तू कंगव्यासारखी आहे. दुसऱ्याच्या डोक्यात घालून परत आपल्या डोक्यात घालू नये. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं एक फोल्डर दिसायला लागलं. उघडावं तर काहीच नाही. ते फोल्डर नव्हतंच म्हणे, फोल्डरचं सोंग घेतलेला प्रोग्रॅम होता. विंडोज फाईलच्या नावाची शेपटी आपणहून लपवतं, त्यामुळे बहुरूपी ओळखू येत नाही. आपण विश्वासाने टिचकी मारतो आणि तो घरभर पिल्लं घालतो.

मी डबा रिक्षात घालून दुकानात नेला. तिथल्या विशीच्या पोराने तो चालू केला, अर्धा मिनिट पाहिला आणि म्हणाला, "व्हायरस आहे काका. फॉरमॅट मारावं लागेल."

आपण मराठी माणसं मारण्याच्या बाबतीत उदार आहोत. शिक्का मारतो, दांडी मारतो, गप्पा मारतो. त्यामुळे 'मारावं लागेल'ने मी दचकलो नाही. मग त्याने, भाजीवाली 'कढीपत्ता घालू का' विचारते त्या सुरात विचारलं, "डेटा पायजे का?"

आता पहा, चूक माझीही आहे. आमच्या बँकेत डेटा म्हणजे हेड ऑफिसला दर महिन्याला पाठवायचे तक्ते. ते आयुष्यात कुणाला हवेसे वाटले नाहीत. मी सावधपणे विचारलं, "त्याचे वेगळे पडतील का?"

"शंभर जादा."

पेन्शनर माणूस. म्हटलं, नको.

संध्याकाळी कॉम्प्युटर घरी आला. पडद्यावर ती हिरवी टेकडी आणि निळं आकाश, बाकी सगळं लग्न लागून गेलेल्या कार्यालयासारखं मोकळं. मी तसाच उलट्या पावली दुकानात गेलो. पोराने सगळं ऐकून घेतलं. त्याला खरंच वाईट वाटलं. म्हणाला, "आधी सांगायचं ना, काका!"

त्या पोराशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते ह्या एकाच बरणीतल्या औषधाशी. 'डेटा पायजे का' हा प्रश्नच मुळी लबाड आहे. 'ह्यात तुमच्या घरातलं काय आहे' असं विचारलं असतं तर मी ओव्या म्हटलं असतं. सर्जन ऑपरेशनच्या आधी 'किडनी पायजे का, शंभर जादा' असं विचारतो का? डेटा आधी काढून ठेवणं हा शंभराचा जादा माल नव्हे, ते कामाचं पहिलं पाऊल आहे. आणि ते अवघडही नाही. २००० साली क्नॉपिक्स निघालं तेव्हापासून तरी कॉम्प्युटर नुसत्या सीडीवरून चालू करता येतो. आतलं विंडोज जागंच होत नाही, त्यामुळे विंडोजवर पोसलेला व्हायरसही झोपलेला राहतो. तेवढ्यात कागदपत्रं, फोटो बाहेरच्या डिस्कवर काढायचे, प्रोग्रॅम मात्र एकही उचलायचा नाही. तास-दोन तासांचं काम. पण फॉरमॅट अर्ध्या तासात होतं, आणि गिऱ्हाईक रांगेत असतं.

बरं, एवढं करून व्हायरस तरी मेला का? ऐका. पोराने पुसला तो सी ड्राइव्ह. डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे सी ड्राइव्हचे भाडेकरू, ते गेले. डी ड्राइव्हला हात लावला नाही, कारण 'डीमध्ये काय नसतंय'. डीमध्ये तो बहुरूपी होता आणि त्याच्या शेजारी ऑटोरनची चिठ्ठी होती. त्या काळच्या एक्सपीवर अशा ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारली की चिठ्ठीत लिहिलेला प्रोग्रॅम आपोआप चालू होई. मी तिसऱ्या दिवशी डी उघडला आणि पुन्हा फोल्डरच्या पोटात फोल्डर! म्हणजे ह्या सगळ्या युद्धात कामी आली ती फक्त माझी आई. शत्रू सुखरूप.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सोजिरांनी घरं धुंडाळली, माणसं बाहेर काढली, सामान जाळलं. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं ते १८९८ मध्ये. लोकांच्या गाद्या जळल्या, उंदीर शेजारच्या वाड्यात गेले. पण त्या साहेबांना निदान उंदराची गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या दुरुस्तीवाल्यांना ती ठाऊक आहे!

व्हायरसही सगळे एका जातीचे नसतात. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी केलेल्या 'ब्रेन'मध्ये तर त्यांचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं लिहिलेलं होतं. एवढी शालीनता आमच्या हाउसिंग सोसायटीच्या निनावी तक्रारींतही नाही. उलट १९९९ च्या २६ एप्रिलला जागा झालेला चेर्नोबिल व्हायरस डिस्कचा सुरुवातीचा भाग खरडून टाकायचा. तो खरा मारेकरी. पुढे पेनड्राइव्हमधली फोल्डरं गायब करून शॉर्टकट दाखवणारे आले. ती फोल्डरं कुठेही गेलेली नसत, नुसती लपवलेली असत. 'अॅट्रिब' नावाची एका ओळीची आज्ञा दिली की हजर! माझ्या भाचीचे बारशाचे फोटो त्या एका ओळीअभावी 'फॉरमॅट मारून' संपवले गेले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

न्यायाने बोलायचं तर कधीकधी पुसावंच लागतं. काही व्हायरस प्रत्येक प्रोग्रॅममध्ये शिरून बसतात. काही तर विंडोज उठायच्या आधीच उठतात. तिथे निवडत बसण्यात अर्थ नाही, सगळं पुसून नव्याने मांडणं हाच शहाणपणा. माझं म्हणणं एवढंच, की प्रेत दहनाला नेण्याआधी ते प्रेत आहे ना, हे बघा.

आणि गंमत म्हणजे हे फॉरमॅट धड पुसतही नाही. घाईचं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागेवरच राहतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. एक्सपीच्या काळात तर पूर्ण फॉरमॅटही नुसतं डिस्क तपासत बसायचं. पानं खरोखर कोरी व्हायला लागली ती व्हिस्टापासून. म्हणजे जे जपायचं ते हाताला लागत नाही, आणि भंगारात डिस्क देताना पुसलं म्हणून समाधानाने हात झटकावेत, तर आपलं पासबुक भंगारवाल्याच्या घरी शाबूत! आताच्या एसएसडीचं उलट. तिथे फॉरमॅट झालं की बहुतेक वेळा मागे काहीच उरत नाही. तेव्हा 'नंतर बघू' म्हणायचीही सोय गेली.

हे सगळं मला पुतण्याने सांगितलं, तीन आठवड्यांनी. तोवर मी त्याच डिस्कवर उत्साहाने पत्त्यांचे डाव आणि सुधीर फडक्यांची गाणी भरली होती. त्याने कपाळाला हात लावला, डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि रात्रभर उकरली. सकाळी एकसष्ट फाईली हाती आल्या, नावं गेलेल्या, नुसते आकडे. साठ निरुपयोगी. एकसष्टावी उघडली तर सगळी रोमन अक्षरांची खिचडी. आमचा मराठी फॉन्टही त्याच फॉरमॅटमध्ये स्वर्गवासी झाला होता. फॉन्ट पुन्हा घातल्यावर अक्षरं लागली. पहिल्या सत्तेचाळीस ओव्या.

आई म्हणाली, "जाऊ दे रे, परत सांगते." पलंगाचा कठडा धरून बसली. हात फिरायचा, पण मधेच थांबायचा. जी आली ती कधी वेगळीच यायची, भावाच्या जागी बाप यायचा. शंभराच्या आत थांबलो. पावसाच्या सालाची आलीच नाही. २०११ मध्ये ती गेली.

गेल्या महिन्यात माझा लॅपटॉप कण्हायला लागला. त्याच दुकानात गेलो. पोराचं आता पोट सुटलंय, हाताखाली दोन पोरं आहेत. त्याने अर्धा मिनिट पाहिलं. "फॉरमॅट मारावं लागेल काका. डेटा पायजे का?"

मी पिशवीतून दोन डिस्का काढून काउंटरवर ठेवल्या. म्हटलं, "ह्या दोन्हींवर आधी घे. मी इथेच बसतो."

"एवढं काय आहे ह्याच्यात?"

"ओव्या. जात्यावरच्या."

तो हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आमची आजी म्हणायची. कुणी लिहूनच नाही घेतल्या." मग कॉम्प्युटरकडे वळून पुटपुटला, "आधी सांगायचं ना, काका."