कशावरून? : डोव्हरच्या शाळेतलं एक मिनिट

दोस्तांनो, समजा विज्ञानाच्या बाई नवा धडा सुरू करणार, एवढ्यात ऑफिसातून एक साहेब आले आणि म्हणाले, "धडा शिका, पण तो खराच आहे असं समजू नका हं!" तर? तुम्ही आधी एकमेकांकडे बघाल आणि मग बाईंकडे!

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर गावी अगदी असंच घडलं. तिथल्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठरवलं, की नववीत उत्क्रांतीचा धडा सुरू होण्याआधी मुलांना एक निवेदन ऐकवायचं. जेमतेम मिनिटभराचं. डार्विनचा सिद्धांत म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, 'बुद्धिमान रचना' अशी दुसरीही कल्पना आहे, असा त्याचा आशय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. मग जानेवारी २००५ मध्ये अधिकाऱ्यांनीच वर्गात येऊन ते वाचलं.

ही 'बुद्धिमान रचना' काय भानगड आहे? उंदीर पकडायचा चाप आठवा. पट्टी, स्प्रिंग, दांडी... एक भाग काढला की उंदीर पसार! मायकेल बिही हे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणतात, की जिवाणूची शेपटीही तशीच आहे. अर्धवट शेपटी काय कामाची? म्हणजे ती कुणीतरी विचार करून रचली असणार.

ऐकायला पटतं, नाही? पण जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांचं उत्तरही ऐका. चापाचे दोन भाग काढले, तर उंदीर सापडणार नाही, पण टायला लावायची पिन होईल की! जिवाणूंचंही तसंच. शेपटीतल्या काही भागांसारखेच भाग काही जिवाणूंमध्ये विष टोचायच्या सुईचं काम करतात. भाग जुनाच, काम नवं.

प्रकरण कोर्टात गेलं. नेणारे कोण? अकरा पालक! सप्टेंबर २००५ मध्ये खटला उभा राहिला. न्यायमूर्ती जॉन जोन्स यांच्यापुढे मिलर यांनी एक झकास पुरावा मांडला. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझीच्या २४. आपले पूर्वज एकच असतील, तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती नाहीशी होणं शक्य नाही. दोन गुणसूत्रं जोडली गेली असणार. तसं असेल, तर टोकाला असणाऱ्या खुणा एखाद्या गुणसूत्राच्या मधोमध सापडायला हव्यात. शोधलं, तर आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात त्या अगदी तशाच सापडल्या!

आणखी एक गंमत झाली. निवेदनात एका पुस्तकाची शिफारस होती. त्याचे जुने कच्चे खर्डे कोर्टात आले. शाळेत 'निर्मितीविज्ञान' शिकवण्याची सक्ती करणारा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द केला होता. त्यानंतरच्या खर्ड्यात 'निर्मितीवादी' हा शब्द खोडून 'रचनेचे पुरस्कर्ते' असं केलेलं दिसलं. एके ठिकाणी तर जुन्या शब्दाचे तुकडे नव्याला तसेच चिकटून राहिले होते. गृहपाठ उतरवताना पकडले जातात ना, तसंच!

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानी निकाल लागला. बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही आणि सरकारी शाळेत ते विज्ञान म्हणून शिकवणं घटनेविरुद्ध आहे. त्याआधीच्या महिन्यात मतदारांनी मंडळातल्या समर्थकांना घरी पाठवलं होतं. वकिलांच्या खर्चापायी शाळांच्या तिजोरीतून दहा लाख डॉलर गेले, ते वेगळंच.

आई-बाबांनो, एक लक्षात घ्या. देव आहे की नाही, याचा निवाडा न्यायमूर्तींनी केला नाही. श्रद्धा ज्याची त्याची. विज्ञानाच्या तासाला मात्र एक प्रश्न विचारावाच लागतो : "कशावरून?" ज्याला त्याचं उत्तर तपासून दाखवता येतं, तो वर्गात बसतो.

आणि दोस्तांनो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकालाही विचारा बरं का. अगदी या पानालासुद्धा!