पाणी जातं कुठे?

आमच्या ऑफिसात डिसेंबर म्हणजे अ‍ॅडमिशनचा सीझन. लंच टेबलवर एकच विषय. कुठली शाळा, फी किती, बस कुठवर येते. आणि यंदाचा हिट शब्द आहे 'इन्क्वायरी'. मूल घोकत नाही हो, शोध घेतं!

माझी लेक जूनमध्ये पहिलीत जाणार. मग मीही ठाण्यातल्या एका आय.बी. शाळेच्या ओपन डेला जाऊन आले. एसी हॉल, कॉफी, प्रोजेक्टर. 1997 साली सुरू झालेल्या या प्रायमरी इयर्स प्रोग्रॅममध्ये भाषा, गणित, भूगोल असे बंद कप्पे नसतात. सहा मोठी सूत्रं असतात. एका सूत्राखाली सगळे विषय एकत्र येतात आणि प्रश्न मुलांनी विचारायचे. खरं सांगते, मला आवडलं. फीचा आकडा दिसेपर्यंत तर फारच आवडलं.

पुढच्याच आठवड्यात चिपळूणला लग्न होतं. जाताना लोट्याला मामेबहिणीकडे मुक्काम केला. भोस्ते घाट उतरून गाडी पुढे आली की नाकालाच कळतं, लोटे आलं. एका बाजूला परशुरामाचं देवस्थान, दुसरीकडे केमिकल कंपन्यांची एमआयडीसी. ताई जवळच्याच एका शाळेत चौथीला शिकवते. शनिवार होता, सकाळची शाळा. म्हणाली, "चल, मागच्या बाकावर बस."

फळ्यावर एकच ओळ होती. आपलं पाणी येतं कुठून, जातं कुठे?

गेले तीन आठवडे वर्ग याच ओळीवर चालला होता. मुलांनी घरी किती हंडे लागतात ते मोजलं, त्याचे लिटर केले, बेरजा-गुणाकार केले. झालं गणित. गावातल्या विहिरी आणि वहाळांचा नकाशा काढला. झाला भूगोल. आजीला विचारून 'नळ नव्हते तेव्हा' असा निबंध लिहिला. आणि विज्ञान? जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून वाळवायच्या. लिंबाचा थेंब पडला की कागद गुलाबी, साबणाचं पाणी पडलं की हिरवट. लॅबचा खर्च शून्य. जास्वंद शाळेच्या कुंपणालाच.

हे काही ताईने आय.बी.कडून उचललेलं नाही. गांधीजींच्या नई तालीमने 1937 साली वर्ध्यात हेच म्हटलं होतं, एका हातकामाभोवती सगळे विषय गुंफा. आपल्याकडे त्याला 'समवाय' असा छान शब्द आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये 'सृजन आनंद' काढली, तीही मुलांच्या अनुभवातून शिकवण्यासाठीच. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं काढलं. म्हणजे कल्पनेचा तुटवडा आपल्याला कधीच नव्हता.

तर वर्गात काय झालं सांगते. एक मुलगा बाटली घेऊन आला. वहाळाचं पाणी. "बाई, याला कागद लावूया?"

ताई दोन सेकंद गप्प राहिली. मी तिला लहानपणापासून ओळखते, ती घाबरली की ओढणीचं टोक पिळते. पिळत होती. मग म्हणाली, "हात नको लावू कोणी. बाटली टेबलावर ठेव. आधी पान तीन काढा."

पान तीनवर तक्ता होता. एका मुलीचं आजोळ दाभोळच्या खाडीकाठी. आजोबा मासे मारायचे. त्यांना विचारून तिने दोन रकाने भरले होते, 'तेव्हा' आणि 'आता'. 'तेव्हा'मध्ये बोय, तांबोशी, शिंगाळी, कालवं. 'आता'चा रकाना अर्धा रिकामा.

"का बरं?" ताईने विचारलं. हात वर झाले. कोणी म्हणालं, कंपन्यांचं पाणी. मागून एक बारीक आवाज आला, "माझे पप्पा कंपनीत आहेत. कंपनी बंद केली तर आम्ही काय खायचं?"

वर्ग चिडीचूप. मी एमबीए, मला उत्तर येईना.

ताईने उत्तर दिलं नाहीच. ते वाक्य तिने तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, पहिल्या ओळीच्या खाली. मग कागद लावला, मुलांनी रंग पाहून वहीत नोंदवला. ती म्हणाली, "एका कागदावरून पाणी चांगलं की वाईट ते ठरत नाही. काय काय तपासावं लागेल, याची यादी करा."

दुपारी चहा घेताना तिला विचारलं, तू गप्प का झाली होतीस? म्हणाली, "अगं, निम्म्या पोरांचे बाप तिथे कामाला. मागे एक पालक येऊन गेले, बाई, पाढे शिकवा, नसते उद्योग नको. त्यांचंही चूक नाही ना."

रात्री लॅपटॉपवर माधव गाडगीळ समितीचा 2011चा पश्चिम घाट अहवाल उघडला. लोट्यावर त्यात बरंच आहे. समितीचे लोक ऑक्टोबर 2010 मध्ये इथे आले होते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर वाहणारं पाणी कोतवल्याच्या वहाळात जाताना त्यांनी पाहिलं. आणि एक नोंद वाचून मी थांबलेच. प्रदूषणावर लक्ष ठेवायला मोठ्या माणसांचा एक 'लोटे अभ्यास गट' होता. त्याची दोन वर्षांहून अधिक काळ बैठकच झालेली नव्हती.

अभ्यास गट! ताईला दाखवलं तर हसत सुटली. "आमचा रोज भरतो. शनिवारी साडेसातला."

ठाण्याला परतल्यावर त्या शाळेतून फोन आला. मॅडम, सीट ब्लॉक करायची का? मी म्हटलं, एकच शंका आहे. तुमच्या शाळेचं सांडपाणी कुठे जातं? पलीकडे जरा शांतता. "मॅम, मी को-ऑर्डिनेटरना विचारून सांगते."

चार दिवस झाले. फोनची वाट बघतेय.