टँक हलवण्याआधी पाण्याचा हिशोब

कायमचं वर्क फ्रॉम होम मिळालं आणि पुण्यातला फ्लॅट सोडून भवानी पेठेत, घरी परतायचं ठरलं. प्रश्न एकच होता, ४०० लिटरच्या खाऱ्या टँकचा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, इथं नळाला रोज पाणी येत नाही आणि तू समुद्र घेऊन येणार?"

हसलो. मग सामानाची यादी करायला बसलो आणि हसू मावळलं.

यादी तशी सोपी. झाकणाच्या बादल्या, थर्माकोलचे खोके, सेलवर चालणारे दोन एअर पंप, जास्तीचे सेल, खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, अमोनियाचं टेस्ट किट. दगड ओलेच न्यायचे, कारण टँक जिवंत ठेवणारे जिवाणू पाण्यात कमी आणि दगडांवर जास्त असतात. ते वाळले की अमोनिया वाढणारच. जुनी वाळू टाकून द्यायची, तळातला साचलेला गाळ ढवळला की मासे संपले.

पण खरं सामान म्हणजे पाणी. निम्मं जुनं नेलं तरी २०० लिटर नवं लागणार. ते आरओचं हवं आणि आदल्या दिवशीच मीठ घालून तयार हवं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे सात किलो. घरगुती आरओ एका लिटरमागे तीनेक लिटर पाणी बाहेर फेकतो. म्हणजे ६०० लिटर! शिवाय सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी घालत बसायचं.

आपण आयटीवाले सर्व्हर हलवताना आधी पलीकडची क्षमता बघतो. टँक हलवताना मात्र बादल्या मोजतो, नव्या गावाचं पाणी मोजत नाही. माझं स्पष्ट मत आहे, नव्या जागेला जेवढा झेपेल तेवढाच समुद्र न्यावा.

आणि पोवळी? २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती हलवल्या. त्यासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तज्ज्ञ आणि वन्यजीव कायद्याखालची परवानगी लागली. खडक बांधणारी सगळी पोवळी आपल्याकडे अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. "दुकानात मिळालं" हे उत्तर होत नाही. मी कृत्रिम दगड आणि टँकमध्येच पैदास झालेले क्लाऊनफिश पाळतो. ऐरोलीच्या सरकारी केंद्रातही त्यांची पैदास झाली आहे.

शेवटी मोठा टँक पुण्यातल्या मित्राला दिला, पाच वर्षं सांभाळलेल्या पिवळ्या टँगसकट. त्या रात्री जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू. सोबत आला तो १०० लिटरचा छोटा टँक, दोन क्लाऊनफिश आणि एक समुद्रफूल. डिसेंबरात, रात्री गाडी काढली. माशांना आदल्या दिवसापासून उपास. अडीचशे किलोमीटर सुखरूप पार पडले.

आता आरओचं फेकलेलं पाणी बादलीत धरतो, फरशी त्यातच पुसली जाते. आई अजून कुरकुरते. पण परवा दुपारी लाईट गेली तेव्हा बॅटरीचा पंप तिनेच लावला होता.

असो. तुम्हीही टँक हलवणार असाल तर बादल्या नंतर घ्या, आधी नळ कधी येतो ते विचारा.