विश्लेषण : समुपदेशकाचे कोण ऐकते?

शाळा, महाविद्यालये आणि शिकवणी वर्गांत समुपदेशक हवा, हे आता सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. पण उदगीरसारख्या तालुक्याच्या गावात हे काम करणारी माणसे मोजकी आणि बहुधा एकेकटी असतात. अवघड प्रसंगी त्यांनी सल्ला कोणाला विचारायचा, याचे उत्तर मात्र कोणत्याच आदेशात मिळत नाही.

प्रश्न आताच का?

विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूप्रकरणी २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यात म्हटले आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी तशी व्यवस्था जोडून घ्यायची आहे. खासगी शिकवणी वर्गही यातून सुटलेले नाहीत. ‘लातूर पॅटर्न’च्या जिल्ह्यात या आदेशाचा अर्थ मोठा आहे. दहावीनंतर गाव सोडून खोली करून राहणारी मुले आणि निकालावर डोळे लावून बसलेले पालक इथे घरोघरी आहेत.

समुपदेशकाची नोंदणी कुठे होते?

इथेच गोंधळ आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यासाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांच्या व्याख्या आहेत. साध्या समुपदेशकाची नाही. ती उणीव राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ ने काही अंशी भरली. त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही समुपदेशक यांचा समावेश आहे आणि राज्य परिषदांनी त्यांची नोंदवही ठेवायची आहे. मात्र कायदा झाला तरी यंत्रणा तालुक्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तोवर एम.ए. मानसशास्त्र झालेली व्यक्ती आणि काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीवर लावणारी व्यक्ती, दोघांच्याही दारावर ‘समुपदेशक’ हीच पाटी दिसते.

संघटनेचे सदस्यत्व कशासाठी?

ब्रिटनमध्येही ‘कौन्सेलर’ या शब्दाला कायद्याचे संरक्षण नाही. कोणीही ती पाटी लावू शकतो. तिथे ही जागा व्यावसायिक संघटनेने भरून काढली. १९७७ मध्ये समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, २००० पासून तिच्या नावात ‘मानसोपचार’ही आला. आचारसंहिता पाळणे सदस्यांवर बंधनकारक आहे आणि तक्रार आली तर चौकशी होते. काम करणाऱ्या सदस्याने दरमहा किमान दीड तास आपले काम अनुभवी व्यक्तीसमोर मांडायचे, असाही नियम आहे. वीस वर्षे अनुभव असला तरी त्यातून सूट नाही. सदस्यत्व तिथे नावापुढे लावायच्या अक्षरांपुरते उरत नाही ते यामुळे.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची संघटना १९६८ पासून आहे. शाळेतल्या समुपदेशिकेला किंवा महिला समुपदेशन केंद्रातल्या कार्यकर्तीला आधार वाटेल अशी व्यवस्था मात्र तालुक्याच्या पातळीवर दिसत नाही.

एकट्याने काम केले तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली, चूक लक्षात येत नाही. मुलगा ‘आता काहीच नको वाटते’ म्हणतो, तेव्हा ते परीक्षेचे दडपण आहे की जिवाला धोका आहे? पालकांना आज सांगायचे की उद्या? अशा वेळी दुसऱ्या जाणत्या माणसाला फोन करता येणे, यावर बरेच अवलंबून असते.

दुसरी, ऐकणाऱ्याच्या मनातही साचत जाते. घरातली मारहाण, कर्ज, आत्महत्येचे विचार दिवसभर ऐकून संध्याकाळी घरी जाणारी व्यक्ती ते कोणाला सांगू शकत नाही. गुप्ततेचे बंधन तिच्यावर असते. हळूहळू ती एक तर कोरडी होते किंवा काम सोडते. दोन्हींत नुकसान समोर बसणाऱ्याचेच.

जवळचे उदाहरण कोणते?

ते गोव्यात आहे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने मानसिक आरोग्याचे आधीचे शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून बसवले. सहा ते आठ बैठकांच्या या उपचाराची चाचणी १० केंद्रांत ४९५ रुग्णांवर झाली. उपचार मिळालेल्यांचे नैराश्य इतरांपेक्षा अधिक ओसरल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यातला कमी चर्चिलेला भाग म्हणजे देखरेखीची पद्धत. हे समुपदेशक लहान गटात जमत, बैठकीचे ध्वनिमुद्रण एकत्र ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देत. सरावानंतर त्यांचे मूल्यमापन तज्ज्ञांच्या मूल्यमापनाशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे तज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या ठिकाणी सहकाऱ्यांचा गटही कामाचा दर्जा सांभाळू शकतो. मात्र अधूनमधून तज्ज्ञाची साथ हवीच.

उदगीरमध्ये हे जमेल?

अडचण आहे ती गुप्ततेची. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. नाव गाळून ‘अमुक रस्त्यावरच्या शिक्षिकेचा मुलगा’ म्हटले तरी ओळख पटते. म्हणून गट एकाच गावाचा नसावा. उदगीर, अहमदपूर, देगलूर, निलंगा अशा गावांतले सहा-आठ जण मिळून गट झाला, महिन्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर भेटला आणि नाव, गाव, जात, शाळा यांतले काहीही न सांगण्याचा लेखी नियम केला, तर धोका बराच कमी होतो. चर्चेसाठी संबंधित व्यक्तीची आधी संमतीही घ्यावी. मनोविकारतज्ज्ञाची साथ लातूर किंवा नांदेडहून फोनवरही मिळू शकते.

याला मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो आणि तो संस्थाचालकांनी द्यायला हवा. समुपदेशकाला नेमून इतर तास, परीक्षा आणि कार्यालयीन कामे त्याच्याच गळ्यात मारली, तर न्यायालयाच्या सूचनेचे पालन कागदावर होईल. महिन्यातले हे तीन तास कामाचेच तास मानले, तरच नेमणुकीला अर्थ आहे.

पालकांनी काय विचारावे?

तीन प्रश्न पुरेत. तुमचे शिक्षण काय? नोंदणी किंवा सदस्यत्व कुठे आहे? अडचणीच्या वेळी तुम्ही कोणाचा सल्ला घेता? तिसऱ्या प्रश्नावर ‘मला गरजच पडत नाही’ असे उत्तर आले, तर दुसरे दार शोधावे. तातडीची गरज असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे.

दिल्लीची नोंदवही यायची तेव्हा येईल. सहा-आठ जणांचा गट मात्र या महिन्यातच सुरू करता येतो.