आळसावरचा जुना उतारा

"डॉक्टर, आजार काही नाही, पण अंगात उत्साहच नाही," ही तक्रार दवाखान्यात रोज कानी पडते. सोबत आलेल्यांचा शेराही ठरलेला असतो, "काही नाही हो, नुसता आळस आहे!" मग कुणी टॉनिकची बाटली मागतो, कुणी सरळ सलाईन लावा म्हणतो. सलाईनच्या बाटलीत मीठ-साखरेच्या पाण्याखेरीज फारसे काही नसते. चार तास झोपून राहिल्याने आलेली तरतरी घरी पोचेपर्यंत टिकली तरी पुष्कळ!

वाचकहो, आळसावर बोलण्याआधी तो खरोखर आळस आहे का, हे पाहिले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या आणि पुरुषाचे १३ च्या बरेच खाली गेले की जिना चढतानाही धाप लागू शकते. अशा सुनेला आळशी म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे. थायरॉईडचे काम मंदावणे, मधुमेह, घोरत घोरत श्वास अडकून रात्रीची झोप मोडणे आणि मनाला आलेले नैराश्य, ही सारी मंडळी आळसाचे सोंग घेऊन येतात. म्हणून सुस्ती दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर आधी रक्त तपासून घ्यावे. उपदेश नंतर करावा.

तपासण्या ठीक आल्या आणि तरीही माणूस उठत नाही, तेव्हा मात्र खरा आळस समोर उभा असतो. त्याचा बारकाईने अभ्यास कुणी केला असेल, तर तो इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंनी. चौथ्या शतकातील इव्हाग्रियस नावाच्या साधूने त्याची लक्षणे टिपून ठेवली आहेत. सकाळी दहाच्या सुमारास हा विकार येतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. साधू सारखा खिडकीशी जातो, जेवणाची वेळ झाली का पाहतो, कुणी भेटायला येते का पाहतो. मग त्याला आपली जागाच वाईट वाटू लागते, दुसरीकडे गेलो असतो तर बरे झाले असते असे वाटते. आज खिडकीच्या जागी मोबाईल आला आहे, एवढाच काय तो फरक! या साधूंच्या मते आळस म्हणजे केवळ लोळणे नव्हे. हातातले काम नकोसे होणे हे त्याचे मूळ. दिवसभर इकडून तिकडे धावणारा माणूसही या अर्थाने आळशी असू शकतो.

त्यावरचा उपायही त्यांनी शोधला. संत अँथनी एकदा असेच कंटाळून गेले असता त्यांना आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला, अशी कथा आहे. तो बसून दोर वळत होता, मध्येच उठून प्रार्थना करीत होता, पुन्हा बसून दोर वळत होता. अँथनींना सांगण्यात आले, असेच कर, तरशील. दुसरा एक साधू, पौल नावाचा, बाजारपेठेपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. तो वर्षभर खजुरीच्या पानांचे विणकाम करी आणि गुहा भरली की सगळे जाळून टाकी, कारण ते विकायला नेण्याचे भाडेसुद्धा सुटले नसते. व्यवहारी माणसाला हा वेडेपणा वाटेल. मला तो उत्तम औषधयोजनेचा नमुना वाटतो. काम पैशासाठी असो वा नसो, हात चालते राहिले तर मन ठिकाणावर राहते.

आजचे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे काय सांगतात? उत्साह आला की उठेन, असे म्हणणारा उठत नाही. आधी उठावे, उत्साह मागून येतो. नैराश्याच्या उपचारातही ठरावीक वेळी ठरावीक लहान काम करायला लावण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. शरीराचेही तसेच. बसून राहिल्याने स्नायू झडतात, स्नायू झडले की थकवा लवकर येतो आणि थकवा आला की माणूस आणखी बसतो. हे चक्र चालण्यानेच तुटते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले, तर पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि दुपारची गुंगीही कमी होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाझप चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारी मेहनत सांगते. तरीही २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढेही करीत नव्हते.

येथे श्रद्धेचा संबंध काय, असे कुणी विचारील. वेळ पाळायला कुणीतरी लागते, हा पहिला संबंध. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाची नियमावली लिहिली, तीत प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांचे तास बांधून दिले. घंटा झाली की उठायचे, मनाला विचारायचे नाही. शिवाय शेजारचा भाऊ उठलेला असतो! पण त्याच नियमावलीत आजारी व नाजूक प्रकृतीच्या भावांना झेपेल असे काम द्या, त्यांना रिकामेही ठेवू नका आणि चिरडूही नका, असे बजावले आहे. 'तुझी श्रद्धा कमी पडते' असे आजाऱ्याला सुनावणाऱ्या धर्मबांधवांनी हे कलम मुद्दाम वाचावे.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हेच केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना आधी अन्न आणि औषधपाणी मिळाले, मग शेती, विणकाम, छापखाना. रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत आणलेल्या बायबलचे खिळे याच बायकांनी जुळवले. दुष्काळाने खंगलेल्या बाईला पहिल्याच दिवशी मागावर बसवले असते तर ती दुसऱ्या दिवशी उठली नसती.

तेव्हा प्रकृती ठीक असलेल्यांनी उद्यापासून एक वेळ ठरवावी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच चालावे, फार जोर करू नये. प्रार्थना करणाऱ्याने ती उठल्या उठल्या करून तडक चप्पल पायात घालावी, परत अंथरुणाकडे पाहू नये. चर्च, देऊळ, बाजार, जे मैलभराच्या आत असेल तेथे पायीच जावे. छातीत दुखत असेल किंवा चालताना चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ उचलून दहा आकडे मोजावेत, असे दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.