बारावा फोटो

आगगाडी बघायला जाणे हा शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे, असे आमच्या घरातले मत आहे आणि ते मला आजवर खोडून काढता आलेले नाही. गाडीत बसायचे असेल तर तिकीट काढावे, कुणाला पोचवायचे असेल तर फलाटाचे तिकीट काढावे. पण कुठे जायचे नाही, कुणी यायचे नाही, आणि तरी जानेवारीच्या थंडीत पहाटे पाचला मफलर गुंडाळून, थर्मासमध्ये चहा भरून आपण निघायचे, याला काय म्हणावे? आमच्या मंडळींनी त्याला ‘वय’ म्हटले आणि कूस बदलली.

आम्ही चौघे. वकील, मास्तर आणि मी शाळेपासूनचे सोबती. चौथा वकिलाचा भाचा, वय वर्षे एकोणीस. वकिलाजवळ कॅमेऱ्याची अशी काही नळी आहे, की तिच्यातून पाहिले तर समोरच्याच्या पोटातले पाणीही दिसावे. भाच्याजवळ कान आहेत. गाडी दिसण्याआधी, नुसत्या आवाजावरून, “मामा, डब्ल्यूएपी-7!” असे तो सांगतो, आणि ते खरे निघते. सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचे हे विजेचे इंजिन त्याला गल्लीतल्या बैलाइतके ओळखीचे! मास्तरांजवळ काय आहे, ते पुढे सांगतो.

सुरुवात परभणी स्टेशनापासून. मुंबईची वंदे भारत 2025 च्या ऑगस्टमध्ये जालन्याहून पुढे नांदेडपर्यंत आली, तेव्हापासून ती परभणीला थांबते. परंतु जाते भल्या पहाटे आणि परत येते रात्री. थंडीच्या दिवसांत दोन्ही वेळा मिट्ट काळोख. वकिलाने तीस-चाळीस फोटो काढले. त्यांत दोन दिवे आले, धुके आले आणि एका हमालाची पाठ आली.

“इतकी देखणी गाडी,” वकील हळहळला, “पण आपल्या गावात तोंड दाखवते ती पदराआडून!”

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्या गावाचे ब्रीद सर्वांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ मात्र अजून कुणी सांगू शकलेले नाही. मी एक सुचवतो. मीटरगेजवर पॅसेंजर ओढणारी वायपी जातीची वाफेची इंजिने 1949 नंतर अमेरिकेतून, ब्रिटनमधून आणि जर्मनीतून आली. म्युनिकच्या क्राउस-माफाय कारखान्याचा त्यात वाटा होता. पुढे ती जमशेदपूरला टेल्कोत बनू लागली. म्हणजे जर्मनीचे इंजिन आणि परभणीचा ड्रायव्हर, अशी जोडी जमली असणे अगदीच अशक्य नाही. यावर भाचा म्हणाला, “काका, पुरावा?” हल्लीच्या मुलांचे हे असे आहे.

उजाडताना आम्ही पूर्णेला पोचलो. ज्यांनी पूर्णा जंक्शन जुन्या काळी पाहिले, त्यांना आजचे पूर्णा पाहून काय वाटते ते त्यांनाच विचारावे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी ही वाट 1900 च्या आसपास निजामाच्या मुलखात मीटरगेजने आली. पूर्णेहून हिंगोलीचा फाटा फुटला आणि तोच पुढे अकोला, खांडव्याशी जोडला गेला. निजामाची रेल्वे 1951 मध्ये मध्य रेल्वेत गेली, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निराळी झाली. पाट्या बदलल्या, पूर्णेचा धूर मात्र तोच राहिला. इथे वाफेच्या इंजिनांची शेड होती. पहाटे चारला ड्रायव्हराला उठवायला निरोप्या कंदील घेऊन यायचा, तेव्हा अख्खी चाळ जागी व्हायची. वाळत घातलेल्या धोतरावर कोळशाचे कण बसायचे आणि त्याबद्दल तक्रार करणारी बाई नवी आलेली आहे हे ओळखू यायचे.

मग 1990 नंतरच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज सरकत आले. दोन रुळांमधले 1 मीटरचे अंतर 1.676 मीटर झाले; म्हणजे जेमतेम दोन फूट आणि वर बोटभर. तेवढ्याने एक जग पलीकडे गेले. 2003 मध्ये रेल्वेचा नवा विभाग नांदेडला झाला. 2008 मध्ये अकोल्यापर्यंतचा मार्गही रुंद झाला. परभणी ते मुदखेड 81 किलोमीटर 2020 मध्ये दुहेरी झाले, आणि आता वर विजेच्या ताराही आहेत. प्रवाशाच्या दृष्टीने हे सगळे चांगलेच झाले. मनमाडला गाडी बदलताना ट्रंका डोक्यावर घेऊन धावलेला माणूस मीटरगेजसाठी रडणार नाही. मीही रडत नाही. पण त्या शेडचा, त्या माणसांचा फोटो कुणाच्या घरी आहे का, असे आम्ही पूर्णेच्या चहावाल्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तव्हा फोटो लगनात काढीत होते, साहेब.”

आमच्याकडे एक आहे. तोच बारावा फोटो.

मास्तर पूर्णेचा. वडील शेडमध्ये ड्रायव्हर. तो रोज पॅसेंजरने परभणीच्या शाळेत यायचा आणि अंगाला कोळशाचा वास घेऊनच वर्गात बसायचा. 1973 च्या उन्हाळ्यात वकिलाच्या मामांचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा आम्हाला दोन दिवसांसाठी मिळाला. मिळाला म्हणजे मामा गावाला गेले होते. त्यात एका रोलवर चौकोनी बारा फोटो निघत. रोलला पैसे आम्ही तिघांनी घातले होते, त्यामुळे प्रत्येकाचा फोटोंवर हक्क होता. आम्ही पूर्णेला गेलो ते इंजिनांचे फोटो काढायला. पण कॅमेरा हातात आल्यावर माणूस इंजिनाकडे बघतो होय? वकील फलाटावर हात कमरेवर ठेवून. मी पाण्याच्या नळखांबाला टेकून. मास्तर रुळांकडे पाहात, कवीसारखा. असे करता करता अकरा संपले.

तेवढ्यात मास्तरचे वडील आले. निळे कपडे, डोक्याला रुमाल, हातात तेलाचे फडके. मनमाडकडची पॅसेंजर घेऊन ते निघायचे होते. आमच्याकडे बघून जरा संकोचून म्हणाले, “पोरांनो, माझाही एक काढता का? इथं, इंजिनाला लागून?”

आता खरे सांगायचे तर आम्हाला उभ्या इंजिनाचा फोटो नको होता. धावत्या गाडीचा हवा होता. मासिकात येतो तसा, धुराचा झोत मागे गेलेला. मीच म्हणालो, “काका, गाडी सुटताना काढतो. तुम्ही खिडकीतून हात करा. ते जास्त चांगलं दिसेल.”

ते ‘बरं’ म्हणाले. मोठ्या माणसाने पोरांचे इतक्या चटकन ऐकायला नको होते.

सिग्नल पडला. शिटी झाली. गाडी हलली आणि वेग घेऊ लागली. त्यांनी बाहेर झुकून हात केला आणि मी खटका दाबला. त्या कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका वेळ उघडा राहतो, हे मला फार पुढे कळले. ताशी 20 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे 11 सेंटीमीटर सरकते. आज वकिलाचा कॅमेरा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात काम उरकतो. ताशी 100 किलोमीटरची गाडी त्याला दीड सेंटीमीटरही हुलकावणी देऊ शकत नाही. आमच्या फोटोत आला तो एक काळा फराटा, आणि त्याच्या मधोमध एक पांढुरका डाग. अकरा फोटो उत्तम आले होते.

“पुढच्या रोलला काढू,” असे ठरले. पुढच्या रोलला पैसे जमायच्या आत वडील डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. ड्रायव्हराचे डोळे ठरावीक मुदतीने तपासतात आणि त्यात सूट नसते, नसावीही. त्यांना खाली काम मिळाले. इंजिनावर ते पुन्हा चढले नाहीत, आणि फोटोचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आम्हीही नाही.

असो. नऊच्या सुमारास एका स्टेशनावर (गाव सांगत नाही) एका पोलिसाने आम्हाला हटकले. त्याचे बरोबर होते. एकेकाळी स्टेशनात नि पुलावर फोटो काढण्यास मनाई असल्याच्या पाट्या सर्रास दिसत. त्याने चौकशी केली, आमची वये पाहिली, भाच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, “गाड्यांचेच काढता? माणसांचे नाही?” मास्तर म्हणाला, “मी माणसांचेच काढतो.” ते त्याला पटले. रुळांवर उतरू नका एवढे बजावून तो गेला. तेही योग्यच, रेल्वेच्या हद्दीत घुसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि धावत्या गाडीपुढे स्वतःचा फोटो काढणाऱ्याला त्याहून मोठी शिक्षा होते.

दुपारी पिंगळीजवळ एका ओळखीच्या शेतात हुरडा होता. काळ्या रानात ज्वारी उभी, कडेला तुरीच्या शेंगा, पलीकडे रूळ. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीचे ‘परभणी मोती’ नावाचे वाण काढले, त्याच्या भाकरीबद्दल मी केव्हाही बोलायला तयार आहे. पण हुरड्याची गोष्ट निराळी. आगटीत कणसे भाजावी, गरम गरम हातावर चोळावी, फुंकर मारावी, आणि शेंगदाण्याची चटणी नि गुळाचा खडा घेऊन तोंडात टाकावी. वकील एका हाताने हुरडा खात होता, दुसऱ्याने कॅमेरा धरून होता. तेवढ्यात दोन गाड्या गेल्या नि दोन्ही फोटोंत कणसाचा तुरा आला.

शेतमालक बांधावर बसून हे पाहात होते. “काय काढायलाव जी?” त्यांनी विचारले. “रेल्वे? ती तर रोजच जाती की!”

“म्हणूनच,” मास्तर म्हणाला. त्यांना काय कळले कोण जाणे. त्यांनी आणखी चार कणसे आगटीत घातली.

संध्याकाळी आम्ही गंगाखेडच्या बाजूला, गोदावरीच्या काठी. संत जनाबाईंचे हे गाव. परभणीहून परळीला जाणारी गाडी इथे नदी ओलांडते. परळीला एकेकाळी आमचे मीटरगेज आणि विकाराबादकडून आलेले ब्रॉडगेज समोरासमोर येऊन थांबत, आणि एका गाडीतला माल दुसरीत चढवावा लागे. पूल साधारण उत्तर-दक्षिण. म्हणून सकाळी खालच्या अंगाला आणि संध्याकाळी वरच्या अंगाला उभे राहावे, म्हणजे उजेड गाडीवर पडतो. हे ज्ञान वकिलाचे. आम्ही पुलापासून दूर, पश्चिमेकडे वावरात बसलो. पाणी निवांत होते. पलीकडच्या काठावर कुणीतरी दिवा सोडला होता.

भाच्याने मान वर केली. “मालगाडी. भरलेली.”

आधी इंजिन, मग वाघिणी, पन्नासाच्या वर, साऱ्या कोळशाच्या. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राकडे निघाल्या असाव्यात. मास्तरच्या वडिलांच्या समोर फायरमन फावड्याने भट्टीत टाकायचा तोच कोळसा आता इंजिनाच्या पाठीमागून मुकाट चालला होता. वकिलाने सारा पूल, उजेड, पाण्यातली सावली, सगळे टिपले. तो फोटो सुंदर आहे यात वादच नाही. मास्तर मात्र आमच्यापासून दूर, वळणावर, फाटकाशी जाऊन उभा होता. इंजिन त्याच्याजवळ आले तेव्हा त्याने हात वर केला. आतल्या तरुण ड्रायव्हरने हात बाहेर काढून उत्तर दिले.

परत येताना मोटारीत हिशेब झाला. वकील: अकराशे सहा फोटो. भाचा: चारशेच्या आसपास, सर्व इंजिनांच्या नंबरांसह. मी: सत्तावीस, त्यांतले नऊ हुरड्याचे. मास्तर: आठ. आठही एकाच प्रकारचे. खिडकी, खिडकीत माणूस आणि बाहेर आलेला हात. गाडी पुरी कुठेच नव्हती. तो अंधारात कॅमेऱ्याच्या मागची छोटी काच उजळून एकेक चेहरा मोठा करून पाहात होता. पाहता पाहता म्हणाला, “नखंसुद्धा दिसतात रे.”

पुढे माझ्याकडे वळला नाही. वळला असता तर मला काय बोलावे ते सुचले नसते.

“हे यांना पोचवता येतील का?” थोड्या वेळाने त्याने विचारले.

“गाडी नंबर, तारीख, वेळ सगळं आहे,” भाचा म्हणाला. “ड्रायव्हर जिथं हजेरी लावतात तिथं द्यायचे. मी देतो, काका.”

पाच पाकिटे पोचली. तिघांचा पत्ता अजून लागायचा आहे. पोचलेल्यांपैकी गंगाखेडच्या पुलावरच्या त्या मुलाचा फोन मास्तरला आला. आणखी एक प्रत मिळेल का, गावाकडे वडिलांना पाठवायची आहे, पैसे देतो, असे तो म्हणत होता. मास्तरने पैसे घेतले नाहीत. चौकटीसकट पाठवली, आणि चौकटीचे पैसे माझ्याकडून घेतले.